पोलीस ठाणं, वॉर्ड ऑफिस आणि आपली गल्ली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या एका कॉलनीत आम्ही चार-पाच जण ठाण्यातली आणि वॉर्डातली खबरबात ठेवतो. कुणी रिटायर्ड, कुणी दुकानदार, एक अंगणवाडी ताई. भाजीच्या गाड्यावर, गिरणीत, मयतीला गेलं तरी लोक थांबवून विचारतात, आणि फिरून फिरून तेच प्रश्न असतात. म्हणून एकदा लिहून काढले. कायदा नांदेड, लातूर, परभणी, जालन्यातही हाच आहे, फक्त साहेबांच्या खुर्च्यांची नावं बदलतात. आम्ही वकील नाही. चपला झिजवून जे कळलं तेवढंच सांगतो.

आमचं ठाणं कोणतं, हे कळणार कसं?

सोप्यात सोपं म्हणजे जवळच्या कुठल्याही पोलीस चौकीत पत्ता सांगून विचारा. घराजवळचं ठाणं आपलंच असतं असं नाही. हद्द कधीकधी रस्त्याच्या मधून जाते, डाव्या बाजूची दुकानं एका ठाण्याची आणि उजवीकडची दुसऱ्याची. ठाणं कळलं की बीट अंमलदाराचं (आपल्या भागावर नेमलेल्या पोलिसाचं) नाव आणि नंबर घ्या. पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांची बदली होते, बीटवरचा हवालदार बहुतेक जास्त दिवस टिकतो आणि गल्ली त्यालाच पाठ असते.

मराठवाड्यात पोलीस आयुक्तालय फक्त संभाजीनगरला आहे. बाकी सगळीकडे वरचा माणूस म्हणजे पोलीस अधीक्षक, लोकांच्या भाषेत एसपी साहेब. त्यांच्यावर विशेष पोलीस महानिरीक्षक: संभाजीनगर ग्रामीण, जालना, बीड आणि धाराशिवसाठी संभाजीनगरला, नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीसाठी नांदेडला.

पोलीस शहराचे, मग नाली साफ करायला महापालिका का येत नाही?

कारण दोन्ही हद्दी वेगळ्या आखलेल्या आहेत. वाळूजच्या बजाजनगरचंच बघा. ठाणं शहर आयुक्तालयाचं, पण महापालिकेची हद्द तिथवर पोचतच नाही. नाली, दिवे, कचरा यासाठी एमआयडीसी आणि ग्रामपंचायत. लष्कराच्या छावणी भागात छावणी परिषद. सिडकोच्या वसाहती २००६ मध्ये महापालिकेकडे गेल्या, तरी घराच्या लीजचे कागद सिडकोकडेच, त्यामुळे आमच्याकडचे जुने लोक अजूनही ड्रेनेज तुंबलं की आधी सिडकोच्या ऑफिसात जाऊन परत येतात. तक्रारीचा अर्धा वेळ अशा चुकीच्या दारात जातो.

११२ ला फोन केला तर तो आपल्या ठाण्यातच लागतो ना?

नाही. राज्यभरचे ११२ चे फोन नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत उचलले जातात आणि तिथून तुमच्या भागातल्या गाडीला निरोप येतो. फोन उचलणाऱ्या पोरीला तुमची गल्ली, तुमचा पिंपळ, तुमची किराणा काही माहीत नसतं. म्हणून ‘आपल्या त्या मारुतीपाशी’ असं सांगू नका. आधी शहर, मग भाग, मग मोठी खूण, मग गल्ली. आमच्याकडच्या एका आजोबांनी ‘पाण्याच्या टाकीजवळ या’ एवढंच सांगितलं होतं. शहरात टाक्या किती!

शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली म्हणतात. खरं-खोटं कुठे बघायचं?

पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध एफआयआर पाहता येतात. जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकायची. एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत ती संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, अशा नाजूक प्रकरणांना सूट आहे.

आम्ही दर रविवारी आपल्या ठाण्याच्या आठवड्याभराच्या एफआयआर बघतो आणि गेटवरच्या फळ्यावर चार ओळी लिहितो: दुचाकी चोरी दोन, घरफोडी एक, कुठल्या भागात, दिवसा की रात्री. नाव-गाव लिहीत नाही. फळा सुरू झाल्यापासून ‘रोज दहा घरं फुटायलीत’ हे बोलणं बंद झालं. दुपारी कुलूप असलेली घरं जास्त फुटतात हेही त्यातूनच दिसलं, तेव्हापासून वॉचमनच्या फेऱ्या दुपारच्या केल्या.

ठाण्यात गेलो तर ‘गहाळ झाल्याचा अर्ज द्या’ म्हणाले. द्यायचा का?

वस्तू खरंच हरवली असेल तर द्या. चोरीला गेली किंवा कुणी हिसकावली असेल तर देऊ नका. एवढा एक शब्द कागदावर काय करतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या कॉलनीतल्या एका काकू पहाटे दूध आणायला निघाल्या होत्या. मोटरसायकलवरच्या दोघांनी मंगळसूत्र ओढलं. मानेवर लाल वळ उठलेला. ठाण्यात (कोणत्या ते राहू द्या) अंमलदाराने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, आणि गोड बोलून कोरा कागद पुढे केला: ‘काकू, लिहा, मंगळसूत्र गहाळ झालं.’ काकूंना अक्षर कमी, म्हणून कागद माझ्याकडे आला. मी ‘गहाळ’ खोडून ‘दोन अनोळखी इसमांनी गळ्यातून हिसकावून नेले’ असं लिहिलं. अंमलदार म्हणाले, ‘सर, उगीच वाढवायलात.’ मी म्हटलं, वाढवत नाही, झालं तेवढंच लिहिलंय.

गहाळ अर्जावर गुन्हा दाखल होत नाही, तपास होत नाही आणि ठाण्याच्या महिन्याच्या आकड्यात तो कुठेच येत नाही. हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खालचा दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. पण ‘या कागदावर गहाळ लिहा’ असं त्यात कुठे नाही.

तासभर बसलो. मग पीआय साहेब आले, काकूंची मान पाहिली आणि एफआयआर झाली. तिची प्रत फुकट मिळते, झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नसतात. मागून घ्या.

तरीही नोंदवून घेतलीच नाही तर?

तीच तक्रार लेखी करून स्पीड पोस्टाने एसपींना, संभाजीनगरात आयुक्तालयाला पाठवा. पोस्टाची पावती जपा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या वेळी वकील घ्या.

‘ही आमची हद्द नाही’ म्हणाले.

हद्द नसली तरी तक्रार घ्यावी लागते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात, पुढे ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. हे तीन दिवस लोक हमखास विसरतात.

एनसी केली म्हणाले. म्हणजे काम झालं का?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की, शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाद. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. पण तीच भांडखोर माणसं पुन्हा आली तर आधीच्या एनसी कामाला येतात. नंबर लिहून ठेवा.

ग्रुपवर मेसेज आलाय, आपल्या भागात चोरांची टोळी फिरतेय. पुढे पाठवू का?

नका. हे उत्तर एवढ्यावर संपवता आलं असतं, पण २०१८ आठवतं. त्या उन्हाळ्यात अशाच मेसेजांनी जिल्ह्यातली गावं रात्र-रात्र जागत होती. जूनमध्ये वैजापूर तालुक्यात चांडगावजवळ चोर समजून जमावाने मारहाण केली आणि दोन माणसं जिवानिशी गेली. मेसेज लिहिणारा कोण होता ते कुणाला ठाऊक नाही. मारणारे गावातलेच, काठ्या घरच्याच.

आमच्या ग्रुपवर आता एक रीत आहे. असा मेसेज आला की टाकणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या: तुम्ही स्वतः पाहिलं का, किती वाजता, कुठे. तिन्हींची उत्तरं असतील तर त्याच माणसाने बीट अंमलदाराला किंवा ११२ ला फोन करायचा. नसतील तर मेसेज काढून टाकायचा. सुरुवातीला दोघं रुसून ग्रुप सोडून गेले. एक परत आला.

आणखी एक. अत्याचार झालेल्या मुलीचं नाव, फोटो, शाळा, घराची खूण, काहीही टाकू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो.

चौकात कॅमेरा आहे. माझ्या गाडीच्या चोरीचं फुटेज मला मिळेल का?

थेट तुमच्या हातात बहुतेक मिळणार नाही, पण तपास अधिकारी ते मागवू शकतो. स्मार्ट सिटी योजनेतून शहरात शेकड्यांनी कॅमेरे लागले आहेत. खरी अडचण वेळेची आहे. जागा भरली की जुनं चित्रीकरण पुसलं जातं, दुकानदाराच्या कॅमेऱ्यात तर आठ-पंधरा दिवसांतच. म्हणून तक्रारीतच एक ओळ लिहा: अमुक चौकातलं, अमुक वेळेचं फुटेज जतन करावं. आणि समोरच्या मेडिकलवाल्याला त्याच दिवशी हात जोडून सांगा.

ठाण्याच्या आत काही वाईट वागणूक झाली तर लक्षात ठेवा: प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असावेत आणि त्यांचं चित्रीकरण १८ महिने ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. खोलीगणिक कॅमेरा चालू आहे का, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतो.

पथदिवा महिन्यापासून बंद आहे. पोलिसांना सांगायचं की महापालिकेला?

दोघांना, पण वेगवेगळं. दिवा लावणं महापालिकेच्या विद्युत विभागाचं काम. महावितरणच्या माणसाला धरून उपयोग नाही, तो वीज देतो, दिवा त्याचा नसतो. तक्रारीत खांबाचा नंबर टाका. खांबावर छातीच्या उंचीला रंगाने लिहिलेला असतो, कधी त्यावर क्लासची जाहिरात चिकटवलेली असते, ती काढून बघा. आम्ही पहिल्यांदा ‘मंदिरासमोरचा खांब’ लिहिलं होतं. वायरमन आला, मंदिरासमोरचा चांगला चालू असलेला दिवा बदलून गेला.

पोलिसांना कळवायचं ते अशासाठी: अंधाराची जागा गस्तीच्या यादीत यावी म्हणून. विशेषतः क्लास सुटण्याच्या वेळी मुली ज्या रस्त्याने येतात तिथला दिवा बंद असेल तर दामिनी पथकाला तो रस्ता नावानिशी सांगा. आमच्याकडे दिव्याला पाच आठवडे लागले. गस्तीची मोटरसायकल मात्र तिसऱ्या दिवशी दिसली.

रस्ता मंजूर झाल्याचा बॅनर लागला, नारळ फुटला, काम नाही. कुठे विचारायचं?

बॅनर हा कागद नव्हे. कागद चार असतात: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका, जिला ऑफिसात ‘एमबी’ म्हणतात. कार्यारंभ आदेश निघाला नसेल तर कंत्राटदाराला शिव्या देऊन काही होत नाही. निघाला असेल तर त्यात मुदत लिहिलेली असते.

एमबी बघायला शिका. माहिती अधिकार कायद्यात नुसती झेरॉक्सच नाही, कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचा नमुना घेण्याचाही हक्क आहे. एका नालीच्या कामाची एमबी आम्ही पाहिली, लांबी २१० मीटर. दुसऱ्या दिवशी सुताराकडून टेप आणला, पोरं दोन्ही टोकांना उभी केली. १६४ भरली. नालीला तोंड नव्हतं, नाहीतर तिनेच सांगितलं असतं. लेखी पत्र दिलं, महिन्याभराने उरलेली नाली झाली. कोण चुकलं ते आम्हाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहायचा कसा?

साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला, पुरावा जोडला तर, तोही नाही. महाराष्ट्रात दोन अटी: एका अर्जात एकच विषय, आणि शब्द दीडशेच्या आत. ‘रस्ता का केला नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर येत नाही. ‘कार्यारंभ आदेशाची प्रत द्या’ असं विचारा.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे तारीख लागायला वेळ लागतो, धीर ठेवा. पोलिसांकडेही हाच अर्ज चालतो. चालू तपासाला बाधा येईल ती माहिती ते नाकारू शकतात, पण ‘वर्षभरात किती दुचाकी चोरीला गेल्या, किती सापडल्या’ हे नाकारायला कारण नाही.

नगरसेवक नेमका कोणता धरायचा? आमच्या प्रभागात चार आहेत.

चारही तुमचेच. बहुसदस्यीय प्रभागाची गंमत अशी की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून पत्र एकच लिहा आणि चौघांची नावं वर टाका, चौघांची पोच घ्या. संभाजीनगरात एप्रिल २०२० पासून सगळा कारभार प्रशासकाकडे होता, कित्येक वर्षं तर विचारायला नगरसेवकच नव्हता. त्या काळात लोकांना थेट झोन ऑफिसात जायची सवय लागली. ती मोडू नका.

लोकशाही दिनाचा उपयोग होतो का?

होतो, तयारीने गेलात तर. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. त्याच दिवशी अर्ज घेऊन गेलेल्या माणसाचा दिवस वाया जातो. कोर्टात चालू असलेली प्रकरणं तिथे घेत नाहीत.

शांतता समितीत कोण असतं? आम्हाला घेतील का?

गणपती, ईद, आंबेडकर जयंती, रामनवमी जवळ आली की ठाण्यात बैठक लागते. चहा, बिस्किटं, तीच तीच मंडळी, फोटो. खरं सांगायचं तर मला या बैठकांचा कंटाळा होता. पण मिरवणुकीचा मार्ग, बंद रस्ते, वीज कधी जाणार, हे सगळं तिथेच ठरतं. पीआय साहेबांना नाव आणि नंबर लेखी द्या. बायका आणि तरुण पोरं या यादीत फार कमी असतात, त्यांची नावं आधी द्या.

आधी न विचारल्यावर काय होतं ते या शहराने पाहिलंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराची घाण त्यांच्या दारात पडत होती. चौकाचौकांत ढीग लागले. मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे नेल्या, तिथे दगडफेक झाली, लाठीमार झाला. प्रश्न कचऱ्याचा होता, डोकी फुटली ती पोलिसांची आणि गावकऱ्यांची.

आमची वसाहत गुंठेवारीतली (बिनपरवाना पाडलेल्या छोट्या प्लॉटांवरची) आहे. सुविधा मागायचा हक्क आहे का?

माणूस म्हणून, मतदार म्हणून आहेच; ठाण्याचा तर गुंठेवारीशी काही संबंधच नाही, एफआयआर घेताना सातबारा बघत नाहीत. रस्ता, ड्रेनेज यासाठी मात्र नियमितीकरणाचा प्रश्न येतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून फाइल केली तर आर्किटेक्टही कमी पैशांत येतो.

लग्नाचा डीजे रात्री बारापर्यंत. फोन कुणाला?

११२. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. सणासुदीला सरकार वर्षात मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं. वरात तुमच्या भावकीतली असेल तर फोन कोण करणार, हा प्रश्न कायद्यात सुटत नाही.

ऑनलाइन पैसे गेले.

वाचणं थांबवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन करा. पहिल्या तास-दोन तासांत पैसा समोरच्या खात्यात अडवता येतो. लाज वाटून रात्रभर गप्प बसलेल्यांचेच पैसे बुडालेले आम्ही पाहिले, त्यात एक बँकेतून रिटायर झालेले.

मोबाइल हरवला असेल तर ठाण्यात नोंद करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख) नंबर टाकून तो बंद करता येतो. नंबर आत्ताच *#०६# दाबून डायरीत लिहा.

भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावीच लागते का?

आयुक्तांचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा तसा आदेश लागू असेल तर हो, नाहीतर घरमालकावर गुन्हा होतो. पण माहिती देणं वेगळं आणि जात-धर्म विचारून पोरांना खोली नाकारणं वेगळं. त्या नाकारण्याला पोलिसांचं नाव लावू नका.

तक्रार केली तर त्रास होईल का?

होऊ शकतो. खोटा धीर देत नाही. कंत्राटदाराची माणसं एकदा आमच्या गेटवर येऊन ‘सर, तब्येत जपा’ म्हणून गेली. त्यानंतर एकट्याच्या सहीने पत्र देणं बंद केलं. आता किमान पंधरा सह्या, त्यात सात-आठ बायकांच्या. धमकी आली तर तीही तक्रार म्हणून लगेच नोंदवायची. पोलिसांविरुद्धच तक्रार असेल तर राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. साध्या त्रासासाठी आधी एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) किंवा उपअधीक्षकांना भेटा.

एफआयआर झाली. पुढे आम्ही नुसतं बसून राहायचं का?

नाही. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं नव्या कायद्याने बंधनकारक आहे. फोनवर, मेसेजवर कळवलं तरी चालतं. एफआयआरवर तपास अधिकाऱ्याचं नाव असतं. तारीख कॅलेंडरवर लिहा. साक्षीदार बाई असेल किंवा साठीच्या पुढचा माणूस असेल तर जबाबासाठी त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं.

आमच्या काकूंकडे हवालदार दोनदा घरीच येऊन गेले. नव्वदावा दिवस उलटला तेव्हा काही कळलं नव्हतं, म्हणून अर्ज दिला. चौथ्या दिवशी मेसेज आला: तपास सुरू आहे, एक संशयित ताब्यात. काकूंनी तो मेसेज मला तीनदा वाचायला लावला. मंगळसूत्र अजून सापडलेलं नाही. एफआयआरची प्रत त्यांनी लाडूच्या रिकाम्या डब्यात, रेशनकार्डाखाली ठेवली आहे.